दुसरा आवाज : देवगिरीचे वृंद, तुळजापूरचा संबळ आणि गिटारचे दोन ॲम्प

(दीर्घ थ्रेड)

इलेक्ट्रिक गिटारचे ध्वनिमुद्रण करताना अनेक वादक एकच वादन एकाच वेळी दोन ॲम्प्लिफायरमधून बाहेर काढतात. दोन्हींसमोर स्वतंत्र मायक्रोफोन असतो आणि नंतर दोन्ही आवाज एकमेकांवर चढवले जातात. पहिला ॲम्प बहुधा सवयीचा, आवडीचा असतो. खरा पेच दुसऱ्याच्या निवडीत असतो. पहिल्यासारखाच घेतला तर आवाज केवळ मोठा होतो. पार वेगळा घेतला तर दोन वेगळी माणसे एकाच वेळी बोलत असल्यासारखे ऐकू येते.

हा पेच विजेचा शोध लागल्यानंतरचा वाटतो. परंतु त्याची सर्वांत नेमकी मांडणी मराठवाड्यात, तेराव्या शतकात झालेली आहे; आणि त्या मांडणीचा जिवंत नमुना आजही धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूरच्या गोंधळात ऐकायला मिळतो.

देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, राजा सिंघणाच्या काळात, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. त्यात 'वृंद' म्हणजे गायक-वादकांचा समूह कसा असावा, याचे विवेचन आहे. उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ साथगायक, १२ गायिका, ४ बासरीवादक आणि ४ मृदंगवादक असावेत, असे तो सांगतो. राजाश्रयाखेरीज एवढा ताफा परवडणे अवघड. म्हणूनच की काय, मध्यम आणि कनिष्ठ अशा लहान वृंदांचीही सोय त्याने ठेवली आहे.

संख्येपेक्षा महत्त्वाचे आहेत ते त्याने सांगितलेले वृंदाचे सहा गुण. मुख्य गायकाला अनुसरणे, एकमेकांत मिसळणे, तालाशी एकरूप राहणे हे पहिले तीन. ते कोणत्याही साथीदाराला लागू पडतील असे आहेत. पुढचे तीन मात्र विलक्षण आहेत. एकाचा सूर जिथे तुटेल ती जागा दुसऱ्याने सांभाळून नेणे, हा एक. मंद्र, मध्य आणि तार ही तिन्ही स्थाने समूहाने मिळून व्यापणे, हा दुसरा. आणि सर्वांच्या आवाजाच्या जातीत साम्य असणे, हा तिसरा.

या शेवटच्या दोन गुणांत ताण आहे. तिन्ही स्थाने व्यापायची तर आवाज भिन्न हवेत; शब्दसादृश्य राखायचे तर ते एकाच जातीचे हवेत. शार्ङ्गदेवाने दोन्ही अटी एका यादीत शेजारी शेजारी ठेवल्या आणि तो पुढे गेला. हा ताण कसा सोडवायचा, ते त्याने वाजवणाऱ्यांवर सोपवले असावे.

देवगिरीहून आता बालाघाटाच्या डोंगरात, तुळजापुरास.

तुळजाभवानीच्या उपासनेत गोंधळ्यांना मानाचे स्थान आहे. गोंधळ्यांत परंपरेने दोन शाखा मानल्या जातात : तुळजापूरच्या भवानीशी नाते सांगणारे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेशी नाते सांगणारे रेणुराई. घरात लग्नकार्य झाले की कुलदेवतेचा गोंधळ घालण्याची प्रथा आहे. चौक भरला जातो, घट मांडला जातो, दिवटी पेटते, देवदेवतांना आवाहन होते आणि मग रात्र चढत जाते तसे आख्यान रंगते. 'गोंडली' नावाच्या नृत्याचा उल्लेख जायसेनापतीच्या 'नृत्तरत्नावली' या तेराव्या शतकातील ग्रंथात आहे, आणि त्याचा संबंध चालुक्य राजा सोमेश्वर आणि कल्याण नगरीशी जोडलेला आहे. ते कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण, उमरग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीत. गोंडली आणि गोंधळ यांचे नाते सरळ रेषेत लावता येईलच असे नाही; परंतु भूगोल तरी जवळचा आहे.

गोंधळ्यांची वाद्ये थोडी असतात आणि त्यांची निवड पक्की असते. त्यातले मुख्य वाद्य म्हणजे संबळ. संबळ हे मुळातच जोडवाद्य आहे : एक लहान आणि एक मोठे अशी चामड्याने मढवलेली दोन भांडी एकत्र बांधून, कमरेला अडकवून, काड्यांनी वाजवतात. लहान भांड्याचा आवाज उंच, कडक, लगेच विझणारा. मोठ्याचा खोल, घुमारा मागे ठेवणारा. दोन्हींचा घाट एक, मढवण एक, वाजवणारे हात एकाच माणसाचे. आवाजाची जात त्यामुळे सारखी राहते. स्थान मात्र बदलते. शार्ङ्गदेवाच्या दोन अटींमधला ताण इथे एका दोरीने बांधून टाकलेला दिसतो.

तरीही संबळात एक उणीव उरतेच. तालवाद्याचा आवाज जन्मतो आणि मरतो. दोन आघातांच्या मधल्या फटीत काहीच नसते, आणि गाणाऱ्याला आधार मात्र त्याच फटीत हवा असतो. ती फट तुणतुणे भरते. लाकडी नळकांडे, त्याच्या तळाशी चामडे, बाजूला वेळूची काठी आणि एकच तार. काखेत धरून ती तार सतत छेडत राहायचे. तुणतुणे सूर बदलत नाही, लय सोडत नाही, आख्यानात काय चालले आहे याची दखलही घेत नाही. मराठीत 'आपलेच तुणतुणे वाजवणे' हा वाक्प्रचार निंदेचा झाला आहे. वाद्यावर हा थोडा अन्यायच म्हणावा लागेल, कारण त्याचे काम तेच आहे. गायकाच्या पट्टीला जुळवलेली ती एक तार नसेल तर तासाभराने गायक कुठे भरकटला, हे त्याचे त्यालाही कळणार नाही.

तुळजापूरच्या परिसरात आराधी मंडळींच्या हाती दिसणारे चौंडके हा याच प्रश्नाचा आणखी एक तोडगा आहे. त्यात चामड्यातून ओवलेली तार हाताने ताणायची आणि छेडायची. ताण कमीजास्त केला की आवाज वर-खाली सरकतो. संबळात आघात आहे, तुणतुण्यात स्थिर सूर आहे. चौंडक्यात आघातच सुरासारखा वाकतो, आणि ते वाद्य त्या दोघांच्या मधली जागा घेते.

माणसाच्या गळ्यासाठीही दुसरा आवाज निवडावा लागतो. गोंधळात आणि पोवाड्यात मुख्य गायकाच्या मागे झीलकरी उभे असतात. चरण संपता संपता ते मुख्य गायकाचा सूर उचलतात, वरच्या पट्टीत नेतात आणि लांबवतात. तेवढ्यात मुख्य गायक श्वास घेतो, पुढची ओळ जुळवतो, प्रेक्षकांकडे एक नजर टाकतो. एकाची तुटलेली जागा दुसऱ्याने सांभाळावी, हा शार्ङ्गदेवाचा नियम इथे शब्दशः पाळला जातो. झीलकऱ्याचा गळा मुख्य गायकापेक्षा उंच आणि धारदार लागतो. तो मुख्य गायकासारखाच भारदस्त असेल तर झील उठून दिसत नाही, आणि अगदीच वेगळा असेल तर चरण दोन तुकड्यांत मोडतो.

उघड्या अंगणात ही सगळी व्यवस्था कानांनी आणि अंतराने सांभाळली जाते. संबळ जड झाला तर वाजवणारा दोन पावले मागे सरतो. तुणतुणे गायकाच्या कानाजवळ असते, प्रेक्षकांच्या नसते. त्यामुळे प्रेक्षकांना ते जेमतेम ऐकू येते आणि गायकाला स्पष्ट.

मग ध्वनिमुद्रणाचा कर्णा आला.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गाइसबर्ग याने कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. भारतीय ध्वनिमुद्रणाचा व्यापारी इतिहास तिथून सुरू होतो. पुढे १९०८ मध्ये कंपनीने कोलकात्यात सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना काढला. या पद्धतीत वीज नव्हती, मायक्रोफोनही नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे; त्याच्या आवाजाने पडदा हाले, पडद्याने सुई हाले आणि सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जाई.

हा कर्णा सर्वांना सारखे ऐकत नव्हता. मधल्या पट्टीतले आवाज तो बऱ्यापैकी पकडी. फार खालचे आणि फार वरचे जवळजवळ सोडून देई. मोठ्या ढोलासारख्या वाद्याचा दणका तर त्याला सोसतच नसे, कारण जोरदार आघाताने सुई रेघेबाहेर उडण्याची भीती असे. जगभरच्या मुद्रणकारांनी त्या काळात मोठे ढोल टाळले किंवा त्यांना दूर कोपऱ्यात उभे केले. मंद आवाजाची तंतुवाद्येही बुडत. पहिल्या काळातल्या अनेक तबकड्यांवर तंबोरा कान देऊनही सापडत नाही.

या अटी संबळ-तुणतुण्याला लावून पाहिल्या तर काय उरते? मोठ्या भांड्याचा घुमारा जातो, कारण तो खालचा. तुणतुणे जाते, कारण ते मंद. झीलकरी मागे उभे, म्हणून तेही अर्धे जातात. उरतो मुख्य गायक आणि लहान भांड्याची टकटक. शिवाय तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचीच जागा असे. तेवढ्यात गोंधळाचे आवाहनही पुरे होत नाही. भरीला धाराशिव, तेव्हाचे उस्मानाबाद, निजामाच्या संस्थानात. मुद्रणाचा धंदा कोलकाता-मुंबईसारख्या शहरांच्या बळावर चाललेला.

कर्ण्यापुढे ज्यांचे फावले त्यांत हार्मोनिअम अग्रभागी होती. तिचा आवाज मधल्या पट्टीतला, सलग आणि खणखणीत. कर्ण्याला जे हवे होते ते तिच्याकडे नेमके होते. हार्मोनिअम हिंदुस्थानी संगीतात का रुजली याची अनेक कारणे सांगितली जातात. ध्वनिमुद्रणाच्या यंत्राची ही आवड त्यांत मोजली पाहिजे. गंमत अशी की १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने याच पेटीला कार्यक्रमांतून हद्दपार केले आणि ती बंदी पुढे काही दशके टिकली. एका यंत्राने वर चढवलेले वाद्य दुसऱ्या यंत्राच्या चालकांनी खाली उतरवले.

मराठी रंगभूमीने मात्र पेटीला एकटे सोडले नाही. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत गायकाच्या मागे ऑर्गन असे, कादरबक्ष यांची सारंगी असे आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला असे. ऑर्गनचा सूर पक्का, पण एका स्वरातून दुसऱ्या स्वरात त्याला घसरता येत नाही. सारंगीला मींड सहज, पण तिचा आवाज पातळ आणि गज फिरताना क्षणभर मोडणारा. बालगंधर्वांच्या गळ्यातल्या हरकतींना ऑर्गनची जमीन लागे आणि सारंगीची सावलीही लागे. दोन्ही वाद्ये एकच चाल वाजवीत, तरी ती एकमेकांची नक्कल नव्हती. दोन ॲम्पच्या निवडीचा आजचा सल्ला लिहायचा तर या जोडीपासून सुरुवात करता येईल.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे मुद्रण आले, कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली आणि खालचे-वरचे आवाज हळूहळू परत आले. त्याच विजेने वाद्याचा आवाजही मोठा करता येऊ लागला, आणि 'कोणते वाद्य' याच्या जोडीला 'कोणता ॲम्प' हा प्रश्न जन्मला. अमेरिकेत लेस पॉल या गिटारवादकाने १९४८ च्या 'लव्हर' या तबकडीत स्वतःच्याच गिटारचे अनेक थर एकावर एक चढवले. १९५१ मध्ये पत्नी मेरी फोर्ड हिच्यासह केलेले 'हाउ हाय द मून' जगभर गाजले. एका माणसाने स्वतःचाच झीलकरी व्हावे, हे तेव्हापासून शक्य झाले.

मुंबईत ही सोय नव्हती. चित्रपटाचे गाणे मुद्रित करताना गायक आणि सारे वादक एकाच वेळी, एकाच ध्वनिपट्टीसाठी वाजवत. थर चढवायचा तर तो त्या खोलीतच, त्या क्षणीच चढला पाहिजे. आणि त्याच मुंबईत १९५४ साली या विषयातले सर्वांत प्रसिद्ध भारतीय उदाहरण घडले.

'नागिन' चित्रपटाला संगीत हेमंतकुमार यांचे होते. कथेच्या केंद्रस्थानी गारुड्याची बीन. लता मंगेशकरांच्या आवाजातल्या 'मन डोले मेरा तन डोले' या गाण्यात ती बीन ऐकून चित्रपटगृहांत नाग आल्याच्या दंतकथा पसरल्या. नाग आले असोत वा नसोत, खरी बीन तिथे नव्हती. ती बनवली होती दोन वाद्यांनी : कल्याणजी वीरजी शाह यांनी वाजवलेले क्लॅव्हिओलीन आणि रवी यांनी वाजवलेली हार्मोनिअम. कल्याणजी हे गिरगावात किराणा दुकान चालवणाऱ्या कच्छी कुटुंबातले. रवी हे हेमंतकुमारांचे साहाय्यक.

क्लॅव्हिओलीन हे फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन याने १९४७ च्या सुमारास घडवलेले विजेवरचे छोटे कळवाद्य. एका वेळी त्यातून एकच सूर निघतो, आणि तो त्याच्या स्वतंत्र पेटीतल्या ॲम्प्लिफायर-स्पीकरमधून बाहेर पडतो. म्हणजे 'नागिन'च्या त्या खोलीत एक आवाज व्हॉल्व्हच्या ॲम्पमधून येत होता आणि दुसरा भात्याच्या हवेतून. मायक्रोफोनपाशी दोघे एक झाले.

ही जोडी का जमली, हे त्या दोन वाद्यांकडे पाहिले की उमगते. क्लॅव्हिओलीनचा आवाज नाकातला, टोकदार, बिनीच्या जवळचा. पण तो यंत्राचा, त्याला श्वास नाही. हार्मोनिअमला श्वास आहे, कारण तिच्यात हवाच वाजते. पण एकटी वाजली तर ती पेटीच वाटते, कोणालाही फसवत नाही. दोन्हींचा आवाज रुंद अर्थाने एकाच जातीचा, पत्तीच्या वाद्यासारखा, म्हणून ते मिसळले. एकात जे नव्हते ते दुसऱ्यात होते, म्हणून तिसरेच काही ऐकू आले.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. खरी बीन, म्हणजे पुंगी, हीच मुळात जोडवाद्य आहे. भोपळ्याच्या खाली दोन नळ्या असतात : एक चाल वाजवते, दुसरी एकच सूर धरून ठेवते. सनईच्या मागे सूर धरणारा असतो तसा इथे तो त्याच वाद्यात बसवलेला असतो. दोन नळ्यांच्या वाद्याची नक्कल दोन वाद्यांनी करावी, हे मुद्दाम ठरवलेले नसले तरी योगायोग म्हणून सुंदर आहे.

गिटारच्या ॲम्पकडे याच नजरेने पाहता येते. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरच्या कारखान्यातून १९६० च्या दशकात निघालेल्या ॲम्पचा आवाज स्वच्छ, खाली भरलेला, वर चकचकीत आणि मध्ये किंचित दबलेला. लंडनच्या जिम मार्शलने १९६२ मध्ये फेंडरच्याच 'बासमन' या ॲम्पचा आराखडा समोर ठेवून आपला पहिला ॲम्प घडवला. इंग्लंडमध्ये मिळणारे सुटे भाग आणि स्पीकर वेगळे असल्याने त्या घराण्याचा आवाज मध्यात जाड आणि गुरगुरता झाला. 'व्हॉक्स एसी ३०' हा तिसरा प्रकार. त्याचा भर वरच्या मध्यावर, घंटेसारखा. पहिला ॲम्प फेंडर असेल तर दुसरा मार्शलच्या वळणाचा घ्यावा, हा जाणकारांचा सल्ला त्यातूनच येतो : पहिल्याने दाबलेला मध्य दुसरा भरून काढतो. टेक्सासचा स्टीव्ही रे व्हॉन १९८० च्या दशकात एकाच वेळी अनेक ॲम्प चालू ठेवून मुद्रण करत असे.

निवड बरोबर असूनही जोडी फसू शकते, आणि तिथे भौतिकशास्त्र आड येते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक मायक्रोफोन दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर मागे असेल तर दुसऱ्या ॲम्पचा आवाज सुमारे एक सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. कानाला हा उशीर कळत नाही. पण ५०० हर्ट्झच्या लाटेचा अर्धा फेरा नेमका तेवढ्या अंतराचा असतो. एकाचे शिखर दुसऱ्याच्या दरीवर पडते आणि त्या पट्टीतला आवाज दोघे मिळून खाऊन टाकतात. एखाद्या ॲम्पच्या तारा उलट जोडलेल्या असतील तर खालचा सगळा भरणाच नाहीसा होतो. दोन महागडे ॲम्प मिळून एकापेक्षा पोकळ वाजतात, ते यामुळे. म्हणून दुसरा ॲम्प विकत घेण्याआधी दोन्ही एकत्र ऐकावेत आणि मायक्रोफोन बोटाबोटाने सरकवून पाहावा.

हीच अडचण संबळाच्या मुद्रणात येते. लहान आणि मोठे भांडे जवळ जवळ असते. प्रत्येकाला वेगळा मायक्रोफोन दिला तरी एकाचा आवाज दुसऱ्यात सांडतो. मुद्रणकारांचा जुना ठोकताळा असा की मायक्रोफोन वाद्यापासून जेवढा दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन मायक्रोफोनमध्ये असावे. एकाच कमरेला बांधलेल्या दोन भांड्यांना हा नियम पाळायला लावायचा तर मायक्रोफोन चामड्याला चिकटवावे लागतील, आणि तसे केले की काडीचा खटका तेवढा येतो, घुमारा राहत नाही. अंगणात तो घुमारा भांड्यापासून चार पावलांवर तयार होतो. त्यामुळे जवळ दोन मायक्रोफोन आणि दूर एक, अशी तडजोड करावी लागते. आणि मग तो दूरचा मायक्रोफोन दिवटीचा चटचटाट, टाळ्या, पोरांचा गलकाही घेऊन येतो.

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिमेला परंडा तालुका संपला की करमाळा तालुका लागतो, सोलापूर जिल्ह्यातला. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चा भूप्रदेश तो. २०१६ च्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला. 'सैराट झालं जी' या गाण्यातला 'जी' मात्र पोवाड्यातल्या झीलकऱ्याच्या घराण्यातला आहे. खाली व्हायोलिनांचा सलग गालिचा आणि वर चरणाच्या टोकाला लांबवलेली मराठी झील. दोन्हींच्या मधे हजारो मैलांचे अंतर, आणि तरी त्यांनी एकमेकांच्या जागा खाल्लेल्या नाहीत. व्हायोलिने तुणतुण्याचे काम करत आहेत असे म्हटले तर काहींना ते धार्ष्ट्याचे वाटेल, पण गाण्यातली त्यांची जागा तीच आहे : सूर धरून ठेवणे आणि गळ्याला वर मोकळे सोडणे.

राहता राहिला नावांचा प्रश्न. जुन्या तबकडीच्या गोल लेबलवर ठळक नाव गायकाचे असे. मागे सूर धरणाऱ्याचे क्वचितच. 'नागिन'च्या बिनीमागचे हात आज ठाऊक आहेत, कारण कल्याणजी आणि रवी पुढे स्वतः मोठे संगीतकार झाले आणि त्यांच्या चरित्रांबरोबर ती हकिकतही टिकली. ते तसे झाले नसते तर बीन तेवढी उरली असती. गोंधळाच्या आज समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रफितींखाली बहुधा मुख्य गोंधळ्याचे नाव असते, फारतर संबळवादकाचे. तुणतुणे वाजवणारा चौकटीच्या कडेला अर्धा कापलेला दिसतो. फोनच्या मायक्रोफोनला तो पुरेसा ऐकू येत नाही, पण मुख्य गायक मधूनच मान किंचित त्याच्याकडे वळवतो आणि पुन्हा सुरावर येतो.